एका घरातलं दोघांचं पाणी

मी सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. शरीराचा धडा आला की फळ्यावर एक माणूस काढते आणि रोज त्याच्या आत एकेक संस्था भरते. आज पचन, उद्या श्वसन, परवा रक्ताभिसरण. हृदयाचा दिवस आला की आदल्या दिवशीचं सगळं पुसून टाकते, म्हणजे चित्र स्वच्छ दिसतं. पोरांनाही ते सोपं जातं. खऱ्या माणसाच्या आतलं असं काही पुसता येत नाही, हे मला माझ्या वडलांच्या सुजलेल्या पायांनी दाखवलं.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. हट्टा गावाजवळच्या आमच्या खेड्यात ते आणि माय दोघंच असतात, मी नोकरीमुळे हिंगोलीत दोन खोल्यांच्या घरात. उन्हाळ्याच्या तोंडावर दादांना दम लागायला लागला. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. पाय तर असे टम्म झाले की पायात चप्पल शिरेना. नांदेडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालंय, गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी करायचं आणि पाणी मोजून प्यायचं. दिवसभराचं पाणी किती, ते त्यांनी टेबलावरची बाटली उचलून दाखवलं.

परत येताना गाडीतच मी बजावलं, "दादा, पाय पुन्हा सुजले तर मी तुम्हाला हिंगोलीला नेणार. तिथं माझ्या डोळ्यांसमोर राहायचं."

दादांना दवाखान्यापेक्षा माझ्या दोन खोल्यांचा धसका जास्त. "तिथं काय करू मी? खिडकीतून रिक्षा मोजत बसू?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. गोठ्यातली म्हैस आणि वासरं सोडून मायला येता आलं नसतं, हे तिघांनाही ठाऊक होतं. दादा हिंगोलीला म्हणजे माय गावात एकटी. लग्न झाल्यापासून ती दोघं अशी वेगळी राहिलेली नाहीत. दिवसभर एकमेकांवर करवादतात, पण एक जण दिसला नाही की दुसऱ्याला घास जात नाही.

बाटली काही दादांना पटत नव्हती. "माठ भरून पानी हाय, अन् मी तहानेला. काहून?"

मग मी ओसरीवर बसून त्यांची शिकवणी घेतली. हृदय रक्त ढकलतं. त्याचा जोर कमी झाला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोहोचतं. त्यांना वाटतं, अंगातलं पाणीच आटलं. म्हणून ती मीठ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतात, लघवी कमी होते, आणि मेंदूला तहान लागल्याचा निरोप जातो. प्रत्यक्षात अंगात पाणी गरजेपेक्षा जास्त असतं, पण ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपून साचतं. दिवसा पायांत उतरतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी वर सरकतं, फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत ओल धरते आणि माणूस घाबरा होऊन उठून बसतो.

दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे किडनीची गफलत होऊन राहिली."

"व्हय."

"मंग तिला समजाव की. मला काहून तहानेला ठेवून राहिली?"

इतका अवघड प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही.

आमच्याकडे दारात माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. नको म्हटलं तर त्या घराला नको म्हटल्यासारखं होतं. म्हणून दादांनी कुणाकडे जाणंच बंद केलं. दिवसभर ओसरीवर, माठाशेजारी बसायचे. ज्याला गप्पा मारायच्या तो तिथं यायचा, पाणी पिऊन जायचा, आणि दादा बघत राहायचे. मायनं ती बाटली अशी सांभाळली की बँकेतल्या तिजोरीलाही एवढा पहारा नसेल.

तरी एका रविवारी मी गेले तेव्हा घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला, तर खड्डा तसाच राहिला. बाटली मात्र निम्मी भरलेली. माझं डोकं तडकलं. चोरून पाणी कोण देतंय, म्हणून मी दोघांची उलटतपासणी घेतली. दादांनी म्हशीची शपथ घेतली. माय रडकुंडीला आली.

मग जेवायला बसलो. मायनं दादांच्या ताटात भाकर चुरली आणि वरून ताक ओतलं. भाकर तरंगायला लागली तरी ओतणं थांबेना.

"माय, हे काय?"

"ताक हाय."

"अगं, म्हणजे पाणीच ना!"

"पानी कसं? ताक हाय म्हनते ना मी." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला नोकरी कुणी दिली असेल असा तिला प्रश्न पडला असावा. "पान्याचा थेंब दिला न्हाई म्या त्यायला."

खरंच दिला नव्हता. आमच्या घरात पाणी म्हणजे तांब्यातलं. ताक, कढी, पातळ वरण हे सगळं जेवण. सकाळी भाकर ताकात, संध्याकाळी वरणात, मधे टरबुजाची फोड. शिवाय ताकात मीठ, आणि जिकडे मीठ तिकडे पाणी थांबणार. राग यायच्या ऐवजी मला हसूच फुटलं. आतड्याला तांब्या आणि वाटी यातला फरक कळत नाही, जे येईल त्यातलं पाणी ते शोषून रक्तात सोडतं, हे मी मायला समजावून सांगितलं. तिला ते एकदाच सांगावं लागलं. त्या दिवसापासून ताकही बाटलीच्या हिशेबात आलं, ताटातली भाजी कोरडी झाली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. हळूहळू दादांचे पाय उतरले, ते आडवे होऊन झोपायला लागले. मी स्वतःवरच खूश होते.

मग ऐन मे महिन्यात एका दुपारी दादांचा फोन आला. ते आपणहून कधी फोन करत नाहीत. "तुही माय पडली," एवढंच म्हणाले.

गोठ्यात शेण काढून ती उठायला गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळली. मी पोहोचले तोवर शेजाऱ्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं होतं. ओठांना भेगा, जीभ कोरडी ठक्क. लघवी हळदीसारखी पिवळी होतेय, असं तिनंच सिस्टरला सांगितलं. सिस्टरनं विचारलं, "पाणी पीत नाही का, मावशी?"

मायनं भिंतीकडे मान वळवली. मी फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ते समोर बसलेले असतेत. पान्याकडं नुसते बघून राहतेत. त्यायच्या पुढं म्या घटाघटा कसं पेऊ?"

आणि दादा तर उठल्यापासून निजेपर्यंत माठाशेजारी.

मायच्या अंगातलं पाणी घामावाटे गेलं होतं आणि आत काही येत नव्हतं. रक्त कमी पडलं. बसलेली होती तोवर निभावलं. उठली तसं रक्त पायांकडे उतरलं, मेंदूला पुरेना, आणि ती पडली. तिची मूत्रपिंडंही दादांसारखीच पाणी धरून बसली होती. फरक इतकाच की तिच्या मूत्रपिंडांचा निरोप खरा होता. मला तिचा भयंकर राग आला आणि तिच्या पायाशी बसून मी रडलेही. नवऱ्याची तहान कमी व्हावी म्हणून बायकोनं तहानेलं राहायचं, असली संस्था मी फळ्यावर कधी काढलेली नाही.

घरी आणल्यावर मी तिला पुष्कळ झापलं. "पेईन ना आता," ती म्हणाली. पण संध्याकाळी पाहिलं तर फुलपात्र घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराआड गेली, दोन घोट घेतले आणि ओसरीवर दादा खोकले तसं फुलपात्र खाली ठेवलं. दादांनीही ते पाहिलं असावं.

सकाळी मी निघायच्या तयारीत होते. बाहेर आले तर दादा धुतलेला सदरा घालून, टोपी चढवून बसले होते. शेजारी कपड्यांची पिशवी.

"चल. मला हिंगोलीला घेऊन चल."

मी घाबरले. "पाय सुजले का?"

त्यांनी दोन्ही पाय पुढे केले. "दाबून पाह्य. काहीच न्हाई."

"मग काहून?"

"मी हितं हाय तवर ही पानी पेत न्हाई."

माय दारात घासलेली भांडी घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भांडी खाली ठेवली, माठातून तांब्या भरला आणि दादांच्या समोर येऊन उभी राहिली. तोंड न फिरवता तिनं तो वर धरला आणि प्यायला लागली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पदरावर सांडत होतं. दादा तिच्या घशाकडे पाहत होते. प्रत्येक घोटाबरोबर त्यांचाही घसा हलत होता.

तिनं तांब्या खाली घेतला. दादांनी वाकून आत पाहिलं.

"आनखी हाय त्यात," ते म्हणाले.

तिनं तेवढंही पिऊन टाकलं. मग दादांनी डोक्यावरची टोपी काढून पिशवीवर ठेवली.