आग हुडकणारं नाक

जमादारानं फाटकात सगळ्यांसमोर माझा अंबाडा सोडला आणि केसांतली रुई वेचायला लागला. माकडीण पिलाच्या उवा काढते तसा. निजामाचा अंमल होता, जिंतूरचा जिनिंग कारखाना होता, आणि मी दिवसभर रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालणारी बाई. माझ्या केसांत रुई नसेल तर काय मोगरा असेल?

खुर्चीतला मनेजर म्हणाला, "तोंड उघडायला लाव. ह्या बायका गालात पण भरतात."

जमादारानं तोंडात बोट फिरवलं. तंबाखू आणि घाम. ती चव अजून जात नाही. सापडलेल्या रुईची चिमणीच्या घरातल्या दिव्यालासुद्धा वात झाली नसती. ती मलाच परत रुईच्या गंजीवर नेऊन टाकायला लावली. मी काही हरिश्चंद्राची लेक नव्हते; पण त्या दिवशी चोर नव्हते.

आता माझ्या नाकाचं ऐका. बोरी गावात कुणाची भाकर करपली, की मला जिंतुरात शिंक यायची. कापसात खडा आला की रेच्यात ठिणगी उडते, रुईच्या गंजीत शिरते आणि आतल्या आत धुमसते. वर धूर दिसेपर्यंत कारखाना गेलेला असतो. म्हणून ठिणगी उडाली की मला हाक. मी गंजीत मानेपर्यंत तोंड खुपसायचं, वासावर आग हुडकायची. दोनदा भुवया जळाल्या. मनेजर साहेब तेव्हा लांब विहिरीपाशी, नाकाला अत्तराचा रुमाल लावून.

झडतीच्या दुसऱ्याच दिवशी ठिणगी उडाली. साहेब धावत आला, गुळासारखा गोड झाला. "बाई, तुझ्यावरच भरवसा आहे आमचा."

मी म्हणलं, "मंग आज पहिली झडती तुमची. टोपी काढा साहेब, तोंड उघडा. जमादार, फिरव बोट."

कुणी हसलं नाही. साहेब लाल झाला, कामावरून काढीन म्हणाला, दुसऱ्या बायांना गंजीकडं ढकलायला लागला. एकही हलली नाही. आम्ही सगळ्या केसांत रुई घेऊन फाटकाबाहेर पडलो. गंजीचं काय झालं, मी वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जमादार निरोप घेऊन दारात. गंजी अजून आतून धुमसतीया, साहेबानं तुझी झडती माफ केली, म्हणाला. फक्त तुझी.

मी म्हणलं, "सगळ्या बायांची माफ कर म्हणावं. तोवर ती गंजी जळो, न्हाईतर तुमचा साहेब तिच्यात तोंड घालो. मी घालणार न्हाई."