गरीब अस्त

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या दौलताबादला सगळ्यांना ठाऊक होतं. इस्फहानला ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून घोटाळा झाला.

फारसी शिकायला मी दोन महिने तेहरानला गेले होते. घरी इनामाचे जुने कागद होते, फारसीतले. इनाम केव्हाच गेलं, कागद तेवढे उरले. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार हळूहळू मराठीत आला आणि ते कागद वाचणारी माणसं एकेक करून संपली. वडील दर दिवाळीला त्यांना ऊन दाखवायचे, पण अक्षर कुणाला लागायचं नाही. म्हणून मी औरंगपुऱ्यातल्या एका मौलवीसाहेबांकडं अलिफ-बे गिरवलं, मग विद्यापीठात फारसी घेतली, मग हा प्रवास.

फारसी मला सोपी गेली. जमीन, बाजार, दरवाजा, दुकान, सगळे शब्द आपल्या घरातलेच. वर्गातली जर्मन मुलगी रात्रंदिवस घोकत बसायची आणि मी नुसती मान डोलवायचे. फार फुशारले होते.

एक दिवस सहलीला आम्हाला इस्फहानला नेलं. जुनी राजधानी. आमच्या शिक्षिका सकाळपासून एकच पालुपद आळवत होत्या, इस्फहान म्हणजे निम्मं जग. त्या निळ्या घुमटांखाली मी चिडत होते. आमचंही गाव एका सुलतानानं राजधानी केलं होतं, दिल्लीची माणसं हाकत आणून. तिथं आता येणारेजाणारे भिंतींवर आपली नावं कोरतात, आणि इथं फरशी आरशासारखी. मला आमच्या लोकांचा राग आला, यांच्या फरशीचाही आला.

दुपारी आम्हाला चौकात मोकळं सोडलं. पोटात कावळे ओरडत होते. जवळच्या गल्लीत एका भट्टीपुढं बायकांची रांग होती. गरम खड्यांवर भाजलेली, हातभर लांब रोटी तिथं मिळत होती. मी शेवटी जाऊन उभी राहिले. एका म्हातारीनं मला न्याहाळलं, कुठली म्हणून विचारलं आणि दंड धरून सरळ पुढं ओढलं. पुढच्या बायकांना म्हणाली, "गरीब अस्त, गरीब." गरीब आहे! बायका चुकचुकत बाजूला झाल्या. भट्टीवाल्यानं रोटी दिली. मी पैसे पुढं केले तर त्यानं हात छातीवर ठेवून नको म्हटलं.

माझं डोकं सणकलं. शाळेत आमच्या 'गरीब विद्यार्थी निधी' होता. दरवर्षी हेडमास्तर भर वर्गात त्याची यादी वाचायचे. माझं नाव आलं की उठून उभं राहावं लागायचं. घरी येऊन रडले की आई म्हणायची, "शिक चांगली. म्हंजी कुनापुढं उभं ऱ्हावं लागनार नाय." त्या उभं राहण्यातून सुटायला मी एवढी शिकले, परमुलखात आले, आणि पुन्हा भर रांगेत तोच शब्द!

"मन गरीब नीस्तम!" मी ओरडले. मी गरीब नाही!

म्हातारी हसली. "नाही गं, तू कसली गरीब! आमचीच तू." बाकीच्याही हसल्या. एकीनं माझ्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, थट्टा चाललीय. माझ्या वडलांची वीस एकर बागायत आहे, मी ठोकून दिलं. होती दोन, तीही कोरडवाहू. त्या कौतुकानं माना हलवत राहिल्या आणि म्हातारीनं आपली रोटी मोडून अर्धी माझ्या हातात कोंबली.

"लई झालं आता!" मी मराठीतच किंचाळले, हातातलं सगळं जमिनीवर आपटलं आणि तरातरा निघाले.

बस सुटल्यावर हा अपमान मी शिक्षिकांना ऐकवला, चांगला मोठ्यानं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"आमच्याकडं गरीब म्हणजे पैसे नसलेला नव्हे," त्या म्हणाल्या. "गरीब म्हणजे घरापासून लांब आलेला, परका. परगावची पोर आहे, तिला आधी द्या, असं म्हणाल्या त्या. आणि तू म्हणालीस, मी परकी नाही."

मी गप्प बसायला हवं होतं. उलट त्यांच्यावरच उखडले. इतके शब्द शिकवलेत, हा एवढा एक शिकवता आला नाही?

"तू विचारलाच नाहीस. तुला वाटलं, तो तुझाच आहे."

मी उठून ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. तो ऐकेना. मी त्याच्यावरही तोंड टाकलं आणि जागेवर येऊन बसले.

गल्लीच्या वळणावर मी एकदा मागं वळून पाहिलं होतं. म्हातारी कशीबशी वाकून त्या रोट्या उचलत होती. तिनं त्या पुसल्या, ओठांना लावल्या, मग कपाळाला लावल्या. नाटकी बाई, असं मी मनात म्हटलं होतं. तसं म्हटल्याची चीड आजही माझ्या मनातून जात नाही. भाकरी खाली पडली तर आमची आई हेच करायची. ते कळायला मला फारसी लागत नव्हती.