सातशे चौऱ्याऐंशी लाख

आमच्या घराण्याच्या नावावर संगीतक्षेत्रातला एक राष्ट्रीय विक्रम आहे. तो जेमतेम आठवडाभर टिकला आणि राष्ट्राला त्याची काहीच कल्पना नव्हती. पण विक्रम तो विक्रम.

तो शोधून काढला मी. मीच काढणार, कारण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बीएस्सी, संख्याशास्त्र! आजोबांनी जन्मभर भात लावला. बाबांनी आधी भात लावला आणि मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरकडे बघत बसायचं काम घेतलं. डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधल्या आमच्या गावठाणात जमीन प्रत्येकाकडे होती, डिग्री फक्त माझ्याकडे. ती हॉलमध्ये फ्रेम करून देवांच्या रांगेत लावलेली आहे. (दसऱ्याला आई तिलाही हळदकुंकू लावते. मी अडवत नाही.)

तर तेव्हा प्रश्न होता माझ्या बहिणीच्या, ज्योतीच्या हळदीचा. तिचं लग्न ठरलेलं आणि तिनं घरात जाहीर केलेलं, "हिरूआत्या गायला आली नाही, तर मी हळदीला बसणार नाही. टॉवेल गुंडाळून आत बसेन."

हिरूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. खडवलीला दिलेली. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नाच्या एकेका विधीला धवला गायचा असतो. मुहूर्त भटजी सांगतो, पण मांडव चालवते धवलारीण. आत्याचा आवाज असा, की ती गायला लागली की मांडवातली कुत्रीसुद्धा खाली बसायची.

पण माझ्या स्वतःच्या हळदीत घोळ झालेला. बाबांनी हौसेनं डीजे सांगितला. भिंतीएवढे स्पीकर आले. आत्या धवला गात होती आणि डीजेवाला मागं "चेक, चेक" करत होता. तेवढ्यात बाबा बोलून गेले, "बाय, जरा आवर. पोरं नाचाची थांबल्यान."

आत्यानं ओळ अर्ध्यात सोडली. माईक हळदीच्या ताटात आडवा ठेवला आणि म्हणाली, "काशा, आता तुज्या मांडवान मी तोंड उघराची नाय." आणि खडवलीला निघून गेली. (तो माईक अजून पिवळा आहे. डीजेवाल्यानं भाडं वाढवून मागितलं.)

तेव्हापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद. आत्याचं म्हणणं, "काशानं स्वताहून यावं." बाबांचं म्हणणं, "तिचाच घर हाय, येवाचं असंल तं येल." मधल्या काळात आत्याच्या मुलानं हौस म्हणून तिचा एक पाऊण तासाचा धवला रेकॉर्ड केला, मागं जराशी ढोलकी घातली आणि गाण्यांच्या ॲपवर टाकला. मी तो दोनदा ऐकला. एकदा कौतुकानं आणि एकदा चुकून.

आणि डिसेंबरातल्या एका रविवारी, मटणाची वाट बघत बसलेलो असताना, माझ्या फोनवर त्या ॲपची सूचना टपकली : वर्षातली टॉप गाणी! उघडून बघतो तर पहिल्या क्रमांकावर हिरूआत्या!

मी उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो. यादीच्या वर काही बारीक अक्षरं होती. पण संख्याशास्त्राचा माणूस आकडे वाचतो, अक्षरं नाही. सलग अकरा महिने पहिला क्रमांक! मोठमोठी सिनेमाची गाणी तिसऱ्या नंबरापासून सुरू! दुसऱ्या क्रमांकावर होता 'झोपेसाठी पंख्याचा आवाज'. (मीही रोज तोच लावून झोपतो. त्या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा देशाशी एकरूप झाल्यासारखं वाटलं.)

"अरे, पण ही तुझीच यादी नसेल ना?" ज्योतीनं शंका काढली.

"वेडी आहेस का? मी हे गाणं दोनदाच ऐकलंय. दोनदा ऐकलेलं गाणं माझ्या यादीत पहिलं कसं येईल? म्हणजे यादी देशाचीच असणार. याला म्हणतात सिद्धता!"

"आणि किती लोकांनी ऐकलंय?"

आकडा होता सातशे चौऱ्याऐंशी. देशाच्या मानानं जरा कमी वाटला खरा. पण मी डगमगलो नाही. मोठे आकडे लाखांत द्यायची पद्धत असते, हे बिचाऱ्या ज्योतीला कुठून माहीत असणार? ती कॉमर्सची, तीही अर्धवट. "सातशे चौऱ्याऐंशी लाख," मी म्हणालो. "म्हणजे सात कोटी चौऱ्याऐंशी लाख."

आईच्या हातातला डाव मटणात पडला.

बाबांना सांगितलं, तर ते "बरं" म्हणाले आणि गच्चीवर मिरच्यांना पाणी घालायला निघून गेले. पाच कुंड्या आहेत आमच्याकडे. बाबांना त्यांना पाणी घालायला सकाळी एक तास लागतो आणि संध्याकाळी एक तास. सोबत मी दिलेला माझा जुना फोन असतो. (तो देताना मी बजावलेलं, "आत माझंच खातं चालू आहे, काही दाबू नका." बाबांना मशिनरीतलं काही कळत नाही, हा माझा अभ्यास होता.)

मी आत्याला फोन लावला.

"आत्या, तुझं गाणं भारतात नंबर वन!"

"कनच्या भारतान?"

"आपल्याच गं! सात कोटी लोकांनी ऐकलं!"

पलीकडं खडवलीचा कोंबडा आरवला. मग आत्यानं विचारलं, "काशाला सांगलंस?"

"सांगितलं."

"मंग काय बोल्ला?"

"बरं म्हणाले."

"येवराच?" आत्या म्हणाली. "सात कोटी मानसांना येल मिलाला, नि याला नाय मिलाला."

ज्योती शेजारी उभी राहून खुणा करत होती. तिच्या डोक्यात लगेच बेत शिजला. गावदेवीच्या मंडपात आत्याचा जंगी सत्कार करायचा. सात कोटी लोकांनी डोक्यावर घेतलेली बाई सत्काराला नाही कशी म्हणेल? आणि आली की बाबांच्या हातून शाल! "शाल घातल्यावर माणसाला काहीतरी बोलावंच लागतं," ज्योती म्हणाली. "तेवढं झालं की माझी हळद झाली."

सत्कार म्हटला की आमच्या भागात आधी फ्लेक्स लागतो, माणूस नंतर येतो. वीस फुटी फ्लेक्स सांगितला. 'भारतात नंबर वन! सात कोटी चौऱ्याऐंशी लाख रसिकांची पसंती!' पद्धतीप्रमाणे सत्कारमूर्तीचा फोटो एका कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. मधोमध शुभेच्छुक म्हणून मी, गॉगल लावून, फोन कानाला. खाली ठळक अक्षरांत 'बीएस्सी (संख्याशास्त्र)'. बाबांना फोटो मागितला, तर म्हणाले, "मना नको त्या भानगडीत घेव." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी त्यांचा फोटो होता. फेटा बांधलेला, स्टुडिओत काढलेला, मागं स्वित्झर्लंड.

फ्लेक्स लागला आणि दोनच दिवसांत त्याच्या समोर दुसरा फ्लेक्स लागला! 'भारतात नंबर वन! आमच्या भजनी मंडळाचा अभंग!' मधोमध भजनी मंडळाचे अध्यक्ष बाळाशेठ, गळ्यात पखवाज आणि डोळ्यांवर माझ्यापेक्षा मोठा गॉगल.

मी तसाच चौकात गेलो. "बाळाशेठ, एका देशात दोन नंबर वन कसे असतील?"

"मंग तुमचा काढा!" बाळाशेठनं फोन नाचवला. "आमच्या फोनवर सोच्छ लिवलंय! पयला नंबर!"

"तुमची यादी बोगस आहे!"

"आनि तुजी काय दिल्लीशी आयली?"

चौकात दोन पक्ष पडले. रिक्षा थांबल्या. शेवटी मी पदवीला स्मरून जाहीर केलं, की रविवारी सत्काराच्या आधी, सर्वांसमक्ष, शास्त्रीय नमुना पाहणी होईल. मंडपातल्या कोणाचेही पाच फोन घ्यायचे, यादी वाचायची, ज्याचं गाणं जास्त फोनांवर पहिलं तो विजयी. हरणाऱ्यानं आपला फ्लेक्स स्वतः उतरवायचा. (स्वतःच्या फाशीचा दोर इतक्या उत्साहानं वळणारा पदवीधर आमच्या गावानं त्यापूर्वी पाहिला नव्हता. त्यापूर्वी त्यांनी पदवीधरच पाहिला नव्हता.)

रविवारी गाव लोटलं. आत्या खडवलीहून नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून आली आणि पहिल्या रांगेत बसली. बाबा तिच्यापासून तीन खुर्च्या सोडून, गुडघ्यांवर शाल घेऊन. दोघंही समोरच्या पंख्याकडे बघत होते.

पहिला फोन बाळाशेठचा. पहिला क्रमांक स्वतःच्याच मंडळाचा अभंग. टाळ्या. मी सभेच्या नियमाप्रमाणे दुसरा क्रमांकही मोठ्यानं वाचला. ती एक लावणी होती आणि तिचं नाव गावदेवीसमोर उच्चारण्यासारखं नव्हतं. अर्ध्यावर माझ्या ते लक्षात आलं, पण माईक चालू होता. बाळाशेठच्या बायकोनं मान वळवून नवऱ्याकडे एकदाच पाहिलं.

दुसरा फोन व्यायामशाळेच्या किशोरचा. दंडावर वाघ गोंदवलेला माणूस. पहिला क्रमांक अंगाईगीत. "पोरगी झोपत नाय वो," किशोर पुटपुटला. तिसरा फोन टॉवरमधल्या कुलकर्णी सरांचा. सर निवृत्त मुख्याध्यापक. गावात कुठंही हळदीला डीजे वाजला की दहाव्या मिनिटाला पोलिसांना फोन करणारे ते हेच!

"माझा राहू द्या," सर म्हणाले.

"द्या हो, लपवताय काय?" त्यांच्या पत्नीनं फोन काढून माझ्या हातात ठेवला.

पहिला क्रमांक, डीजेवरचं हळदीचं गाणं. दुसरा क्रमांक, तेच गाणं, जास्त बेस घातलेलं.

मंडपात असा हशा उसळला की गावदेवीची घंटा आपोआप हलली. "मी… मी आवाजाची पातळी तपासत होतो!" सर उभे राहून ओरडले. आणि मग सगळा राग माझ्यावर काढत म्हणाले, "अहो पदवीधर! तीन फोन, तीन निराळ्या याद्या, तरी तुमच्या डोक्यात प्रकाश पडत नाही? ही ज्याची त्याची यादी असते! तुमच्या फोनवर तुम्ही काय ऐकलंत, त्याची! वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, वाचता येतं ना?"

मी वाचलं. वाचता येत होतं.

हशा एकदम थांबला, कारण आत्या उभी राहिली होती. गजरा तसाच, चेहरा मात्र उतरलेला.

"म्हंजे सात कोटी मानसांनी नाय आयकलं?"

"नाही आत्या."

"मंग ते सातशे चौऱ्याऐंशी?"

"ते… तेवढ्या वेळा. माझ्या खात्यावर."

"तू आयकलंस?"

"मी दोनदा," मी म्हणालो. खोटं बोलायची सोय नव्हती. सिद्धता मीच आठवडाभर गावभर सांगत फिरलेलो.

ज्योतीचे डोळे भरले. हळद हातची गेली, हे तिला दिसत होतं, मला दिसत होतं. आत्या पिशवी उचलायला वाकली. तेवढ्यात कुलकर्णी सर, मुळात मास्तरच असल्यामुळं, गणित अर्धवट सोडवेना म्हणून बोलले, "मग त्या खात्यावर दुसरा एखादा फोन चालू असणार."

मी, आई आणि ज्योतीनं एकदमच माना वळवल्या. बाबा सदऱ्याच्या खिशात हात घालून काहीतरी घाईघाईनं दाबत होते. मी बजावलेलं होतं, काही दाबू नका! पण त्यांनी दाबलं आणि खिशातून, सकाळी थांबला होता तिथून पुढं, आत्याचा धवला सुरू झाला.

पाच कुंड्या. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

ओळ पूर्ण झाली. मग आत्या तीन खुर्च्या ओलांडून बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"सातशे येला गानं आयकलंस, काशा. नि येक येला फोन नाय करवला?"

बाबांनी शाल उलगडली, पुन्हा घडी केली. "कसा करनार, बाय? फोन गान्यान बिजी होता."

आत्या हसली की रडली, ते शाल तोंडावर आल्यामुळं नीट दिसलं नाही. बाबांनी ती जरा वरूनच घातली.

ज्योतीच्या हळदीला आत्या गायली. डीजेही आलेला, पण बाबा त्याच्या मेन वायरवर पाय ठेवून उभे होते. दोन तास पोरं नाचायची थांबली होती. कुलकर्णी सर पहिल्या रांगेत होते आणि मध्येच मला हळूच विचारून गेले, "डीजे नंतर आहे ना?"

माझी फ्रेम अजून देवांच्या रांगेत आहे, फक्त एक देव खाली आलीय. फ्लेक्स ठरल्याप्रमाणे मी स्वतःच उतरवला. तो बाळाशेठनं मागून नेला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर अंथरला. आत्याचा कोपरा आणि बाबांचा स्वित्झर्लंड दुमडून खाली गेलाय. वर दिसतो तो गॉगलमधला मी आणि 'भारतात नंबर वन'. खाली अकरा कोंबड्या राहतात आणि त्यांचं माझ्याविषयीचं मत रोज सकाळी माझ्या गॉगलवर पांढऱ्या रंगात उमटलेलं असतं. पण अकरा हा नमुना फार लहान आहे. त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, एवढं संख्याशास्त्र मला येतं!