रिठीतलं बोलावणं

ती माझ्या दारात आली की दोनदा बोलावणं करायची. एकदा माझ्याकडे पाहून, "येजो बाई परवा सांजच्याले, चौदा नंबरात हळदीकुंकू हाय." आणि मग माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे पाहत, आवाज जरा चढवून, "अन तुमीही या जी. ऐकलं ना?"

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे यजमान. ते त्या वेळी ऑफिसात असायचे, आणि घरी असते तरी त्यांना हळदीकुंकवाला कोण बोलावणार? पहिल्या वर्षी मला वाटलं, आत माझ्या सासूबाई असाव्यात अशी तिची समजूत झाली आहे. मी सांगितलं, "अहो, आत कोणी नाही." ती "हो जी" म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. पुढच्या संक्रांतीला पुन्हा तेच.

तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई असेल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणाच्या घरी वाण लुटायचं आहे, कोणाकडे बारसं आहे, कोणाकडे डोहाळजेवण, हे घरोघरी जाऊन सांगणारी. आमच्या कॉलनीत हे काम हिचं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीनंतर ती कोणाला दिसलेली नाही. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी आमच्या जागेबद्दल लिहायला हवं.

वर्ध्याच्या बाहेर हिंगणघाटच्या रस्त्याला आमचं ले-आऊट पडलं, तेव्हा इथे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेतं होती असंच आम्ही समजत होतो. पण प्लॉटच्या कागदांवर मौजाच्या नावापुढे कंसात 'रिठी' असं लिहिलेलं आहे. विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगते, रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. घरं नाहीत, माणसं नाहीत, पण तलाठ्याच्या दप्तरात गावाचं नाव चालू. यजमान पाहुण्यांना हा कागद मोठ्या हौसेनं दाखवायचे. "आम्ही भुताच्या गावचे रहिवासी," म्हणायचे. पाहुणे हसायचे आणि चहा प्यायचे.

ती हसायची नाही. ती नाल्यापलीकडच्या जुन्या वस्तीतली, आणि तिची आजेसासू या रिठीतून उठून गेलेली. कोणतं घर कुठे होतं हे आजेसासूनं तिला शेतात निंदताना दाखवून ठेवलेलं होतं. त्यामुळे तिच्या बोलावण्याच्या वाटेवर आमची घरं असत आणि त्यांचीही. रिकाम्या प्लॉटपाशी ती थांबायची. गवतात उभी राहून, "परवा सांजच्याले जी!" अशी हाक द्यायची. मग आतल्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभी राहायची. एकदा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. अठरा नंबरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ती उभी होती. ती चक्क हसली आणि म्हणाली, "मंग काय झालं? लेकराले घेऊन या ना." भर दुपार होती. मी पापड तसेच टाकून खाली आले.

आमच्याकडे एक बँकवाल्या बाई राहतात, बावीस नंबरात. त्या एकदा तिच्यावर भडकल्या. "माझ्या घरात कोणाला बोलावतेस गं? वास्तुशांत केलीय मी!" ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या घरी कोनी नाई जी. तिथं गोठा होता. म्हशी बांधत." बाईंना मेली माणसं चालली असती, म्हशी काही चालल्या नाहीत. त्या वर्षभर कोणाशी धड बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मी हसून घेतलं आणि मग तिला दारात गाठून विचारलं, "आणि माझ्याकडे?"

"तुमच्या सैपाकघरात बांगड्यावालीचं घर होतं."

रविवार होता, यजमान मागेच उभे होते; मी त्यांच्याकडे पाहिलं. घर बांधताना सांडपाण्याचा खड्डा खणला, तेव्हा काळ्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे टोपलीभर निघाले होते. यजमानांनी ते स्वतः नाल्यात नेऊन टाकले होते आणि मी घाबरीन म्हणून मला काही बोलले नव्हते. मला ते त्या दिवशी कळलं. तिला ते कोणी सांगितलं असेल, तर खणणाऱ्या मजुरानं सांगितलं असेल. असं आम्ही ठरवलं.

गाव उठलं कसं, हेही मी तिला एकदा विचारलं होतं.

"पटकी आली म्हणे. लोकायनं दारं लावून घेतली. कोनी कोनाच्या दारी जाये नाई. पटकी गेली, पन दारं काही उघडली नाई. बोलावणं बंद झालं. ज्याले कोनी बोलवत नाई तो मानूस कायले राहीन जी? एकेक करून उठून गेले."

"सगळेच का गेले? तुमची आजेसासू तर इथेच नाल्यापलीकडे आली."

"ते आली. बाकीचे..." तिनं आमच्या रांगेतल्या घरांवरून नजर फिरवली. "जातीन कुठं? वाट पाहून राह्यले."

हळदीकुंकवाला ती सगळ्यांत शेवटी यायची आणि दाराजवळ बसायची. तिचा नवरा तरुणपणीच कुठेतरी निघून गेलेला, आहे की नाही ठाऊक नाही, म्हणून ती कुंकू लावायची. बसली की शेजारी थोडी जागा ठेवायची. कोणी त्या जागेत पाय पसरले तर हळूच म्हणायची, "सरका जराशा." आम्ही सरकत असू. सुरुवातीला एकमेकींना डोळे मारून, नंतर नुसत्याच.

आता माझी चूक सांगते. मोबाइलवर कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप मीच काढला. तिचे गुडघे दुखतात, उन्हात कशाला फिरायचं, एक मेसेज टाकला की झालं. यात दुष्टावा काही नव्हता. पण तिच्या त्या मोकळ्या जागांमधल्या हाकांचा मला कंटाळा आला होता, हेही खरं.

पौषात ती विचारायला आली. "यंदा कधी करून राह्यल्या, बाई?"

"अहो, यंदा तुम्ही फिरू नका. सगळ्यांना मोबाइलवर कळवलंय."

ती पायरीवरच उभी राहिली. मग म्हणाली, "अन ज्याच्यापाशी मोबाइल नाई, त्याले कोन सांगन?"

मला वाटलं, पुन्हा त्या बांगड्यावालीचीच चिंता. मी थट्टेनं म्हटलं, "त्यांना न सांगताच कळत असेल हो."

ती मान हलवून गेली.

हळदीकुंकू झालं. झाडून सगळ्या आल्या. मी वाणाला स्टीलचे डबे आणले होते, त्याचं कौतुक झालं. बावीस नंबरवाल्या बाई मधेच म्हणाल्या, "आज ती नाही का आली?" त्यावर मीच उत्तर दिलं, "येईल की. तिला काय बोलवावं लागतं?"

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी उरलेला एक डबा फडताळात ठेवताना हात थांबला. इतकी वर्षं तिनं आम्हा सगळ्यांना बोलावलं. तिच्या दारी बोलावणं घेऊन कोणी, कधीही गेलं नव्हतं. आजवर ते खपून गेलं, कारण निरोप तिच्याच तोंडून निघायचा. आणि पायरीवर उभं राहून ती बांगड्यावालीबद्दल विचारतच नव्हती. स्वतःबद्दल विचारत होती.

डबा, तिळगूळ, कोयरी घेऊन मी नाल्यापलीकडे गेले. विचारत विचारत जावं लागलं, तिचं घर मला माहीत नव्हतं. एक खोली, पुढे सारवलेला ओटा. दार सताड उघडं. शेजारीण भांडी घासत होती.

"ते त नाई जी. भाचा शोधून राह्यला. वडनेरले पाहून आला, समुद्रपूरले पाहून आला. तुमच्याकडं येनारच होता विचाराले."

"आमच्याकडे?"

"तुमच्याकडंच गेलती ना हळदीकुंकवाले! त्या दिवशी दुपारपासून नवं लुगडं नेसून ओट्यावर बसून होती. मी म्हटलं, जाऊन काऊन नाई राह्यली? त म्हणे, जन्मभर लोकायले बोलावलं, आज मले कोनी बोलवाले येईन तवाच जाईन."

मी हातातला डबा ओट्यावर ठेवला. "मग?"

"मंग आल्या ना तुमच्या बाया. दिवे लागाच्या वक्ताले. चार-पाच जनी होत्या."

"कोण होत्या?"

"मी काय ओळखते तुमच्या बायायले? लुगडी नेसून होत्या सगळ्या, डोईवर पदर घेऊन. हे अशी हसत उठली. दारही लावलं नाई."

आमच्या कॉलनीत लुगडं नेसणारी एकही बाई नाही. आणि दिवे लागायच्या वेळी आम्ही सगळ्या माझ्या घरात होतो.

शेजारीण हात धुऊन उभी राहिली. "मानाच्या होत्या पन बाया," ती म्हणाली. "ओट्यापाशी उभ्या राहून त्यायनं तिले नावानं हाक मारली. मी इतकी वर्सं बाजूले राह्यते, मले तिचं नाव मालूम नवतं."

मलाही नव्हतं. मी विचारलं, आणि तिनं सांगितलं.

मी उघड्या दारापाशी गेले आणि त्या नावानं तिला बोलावलं. मला तीन दिवस उशीर झाला होता.