मेंढ्यांच्या खुरांचं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हे वाक्य माझ्या ओळखीच्या कुणी वाचलं तर तो पोट धरून हसेल. मास्तरनं न सांगितलेलं असं या मुलखात काही उरलंय? शक्यच नाही! हुलसूरपासून आळंदपर्यंत मला थापाड्या मास्तर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. बिबट्याला मी छत्री उघडून पळवलं, ही गोष्ट मी तीन तऱ्हांनी सांगितली आहे. एकीत बिबटे दोन आहेत. आमच्या विहिरीत मराठीत हाक मारली की ती कानडीत परत येते, असं मी एका तहसीलदाराला पटवलं होतं. बिचारा पगडी सांभाळत वाकून वाकून ओरडला.

पण ही एक गोष्ट— हिला मी हात लावला नाही. भीती म्हणावी तर आता कुणाची? जाब विचारणारे सगळे गेले. मग का? मला अजून नीट उमजलेलं नाही. लिहिता लिहिता उमजेल म्हणून बसलोय, तर बघा, अजून बिबट्यातच अडकलोय.

निजामाच्या राज्यातले दिवस. बीदरकडं जाणाऱ्या रस्त्यावर मिशनचं अनाथघर होतं. गावाचं नाव सांगत नाही. पटकीच्या साथीत आईबाप गेलेली पोरं तिथं यायची. घर सांभाळणाऱ्या गोऱ्या बाईंना सगळे मिसम्मा म्हणायचे. सरकारचा कारभार उर्दूत, म्हणून मिसम्मा उर्दू शिकून आलेल्या. मराठी कळत नव्हती, कानडी तर नाहीच. पोरं मराठीत नाहीतर कानडीत रडायची, मिसम्मा उर्दूत समजूत काढायच्या आणि मधे मी. माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला म्हणून मी ख्रिस्ती, आणि उर्दू शाळेत गेलो म्हणून मास्तर. बाई फार चांगली होती, हे आधीच सांगतो. खरजेनं भरलेली पोरं मांडीवर घेऊन धुवायची. तिच्यावर यातलं काही ढकलता येणार नाही. मी ढकलून पाहिलंय.

तिथली एक रीत होती. नवीन लेकरू आलं की मिसम्मा त्याला समोर बसवायच्या, मोठी वही उघडायच्या आणि त्याची हकीकत विचारायच्या. कुठलं, कुणाचं, काय झालं. ती हकीकत टपालानं साता समुद्रापार जायची. तिकडचं एखादं घर त्या लेकराला आपलं मानायचं, फोटो भिंतीवर लावायचं, नाव घेऊन प्रार्थना करायचं. आता मला सांगा, चार वर्षांच्या पोराला कसली आलीय हकीकत? ते “आय” म्हणायचं आणि भोकाड पसरायचं. मिसम्मा लेखणी वर धरून माझ्याकडं बघत राहायच्या.

ती वर धरलेली लेखणी मला सोसायची नाही. मग मी सांगायचो.

गंगव्वा आली तेव्हा पाचेक वर्षांची असेल. ठाणाकुशनूरच्या बाजारातल्या एका कासारणीनं तिला आणून सोडलं. कुणीतरी धनगर पोरीला तिच्यापाशी बसवून “सांजच्याला येतो” म्हणून गेला, तो आलाच नाही. पंधरा दिवस वाट बघून कासारीण थकली. पोर आपलं नाव सांगायची, बाकी मुकी. एवढंच खरं. पण एवढ्यावर वहीचं पान भरतंय होय? मी म्हणालो, हिचं सगळं घर एका दिवसात गेलं. ही आईच्या मढ्यापाशी तीन दिवस बसून होती, आणि गावातला एक काळा कुत्रा रोज कुठून तरी भाकरी तोंडात धरून आणायचा, हिच्यापुढं ठेवायचा, हिनं खाल्ली की मगच जायचा. मिसम्मा रडल्या. मीही रडलो, माझ्याच थापेनं मला रडू येतं, ही माझी जुनी खोड आहे. त्या कुत्र्यानं तिकडं असा काही कहर केला की सहा महिन्यांत लोकरीच्या कपड्यांची पेटी आली. वैशाखाच्या उन्हात आमची सगळी पोरं लोकर घालून फोटोला उभी राहिली. दोन भोवळ येऊन पडली. गंगव्वाचं नाव वहीत रूथ झालं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. नाही का?

दोन वर्षांनी, सकाळची शाळा चालू असताना, फाटकात एक धनगर उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी बाहेर गेलो. मिसम्मा ओसरीवर आल्या.

“मास्तर,” तो म्हणाला, “माजी लेक हितं हाय म्हनं. गंगू. मी बिराप्पा. बायकू पटकीनं गेली, पोरीला कासारणीपाशी ठिवलं अन् वाटंत मीच पडलो. औरादच्या अंगाला दोन म्हयनं निपचित व्हतो. उठून आलो तर कासारीण न्हाई, पोर न्हाई. तवापासनं हिंडायलोय. आता कुनी सांगितलं, मिशनमंदी बगा.”

मिसम्मांनी विचारलं, “क्या कहता है, मास्टर?”

आता नीट ऐका, कारण हे मला एकदाच सांगता येईल. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. दोघांच्या मधे माझ्याशिवाय दुसरा रस्ता नव्हता. मी उर्दूत म्हणालो— याच्या मेंढ्यांच्या खुरांना रोग लागलाय, औषध मागतोय.

मिसम्मा लगबगीनं आत गेल्या. मी त्याच्याकडं वळलो आणि म्हणालो, “अप्पा, पोर आली होती. आली त्याच पावसाळ्यात वारली.”

तो तिथंच खाली बसला. मग मातीवर हात फिरवत म्हणाला, “जागा दाव.”

मी दाखवली! आमच्या आवाराच्या कोपऱ्यात साथीत गेलेल्या लेकरांची माती होती. त्यातल्या एका लहान ढिगाकडं मी बोट केलं. कोणाचा होता, मला ठाऊक नाही. त्यानं कनवटीची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि ढिगावरच्या लाकडी क्रुसाच्या पायाशी टाकला. मुलींच्या वर्गातून पाढे चालले होते— पन्नास पावलं नसतील. बे चोक आठ. त्या आवाजात तिचा आवाज होता. त्यानं मान वर केली.

“लई पोरी हायत की हितं.”

“व्हय.”

“बरं हाय,” तो म्हणाला.

मिसम्मा बाटली घेऊन आल्या. तो तिथं कशाला बसलाय, असं विचारलं. मी सांगितलं, एवढी लेकरं गेली हे बघून त्याला वाईट वाटलं. त्यांचे डोळे भरले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि बाटली ठेवली. त्यानं मला विचारलं, हे काय? मी म्हणालो, मेंढ्यांच्या खुरांना लाव.

तो बाटलीकडं बघतच राहिला. “मास्तर, मेंढ्या लंगडायल्यात हे बाईला कसं कळलं हो?”

त्याच्या मेंढ्या खरंच लंगडत होत्या. आता यावर मी काय म्हणावं? जन्मभर थापा मारल्या, आणि खरी निघाली ती नेमकी ही. तो बाटली कपाळाला लावून गेला.

कशासाठी केलं मी हे? कुत्रा उघडा पडेल म्हणून? एक उघडा पडला असता तर वहीतली सगळी पानं उघडी पडली असती, हे खरं. पण त्या क्षणी वही माझ्या मनात होती का? शपथेवर सांगू शकत नाही. पोर इथं दोन वेळा जेवते, शिकते, रानोमाळ मेंढ्यांमागं कशाला जावी— हेही मी स्वतःला सांगितलं, पण सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. आधी तोंडातून निघालं, कारण मागून शोधलं. की मिसम्मा माझ्याकडं बघून रडल्या होत्या, ते मला हवंहवंसं झालं होतं? मी एकेक कारण उचलतो, उन्हात धरून बघतो, खाली ठेवतो.

गंगव्वा मोठी झाली, दवाखान्यात नर्स झाली, लग्न झालं, नातवंडं आहेत. दर रविवारी चर्चमधून येताना माझ्याकडं डोकावते, मला मास्तरअण्णा म्हणते. आणि काय सांगू— तिला तो कुत्रा आठवतो. मिसम्मांनी तिला तिची हकीकत कितीदा वाचून दाखवली असेल. नातवंडांना सांगते, त्याचा एक कान फाटका होता, म्हणे. फाटका कान मी कधीच सांगितला नव्हता. मला कधी कधी वाटतं, असेलही कुत्रा. बापाबद्दल ती काही बोलत नाही. कशी बोलेल? तो तर एका दिवसात गेला ना, घरातल्या सगळ्यांबरोबर.

पण माझं खरं सांगायचं अजून राहिलंच आहे. वर लिहिलेलं खोटं एका दमात तोंडातून निघून गेलं होतं, असं एखादा दयाळू माणूस म्हणेल. तर ऐका.

पुढच्या वर्षी, ज्वारी निसवायच्या सुमारास, वर्गाच्या खिडकीतून मला लांबवर मेंढ्या दिसल्या. पुढं तोच. तो त्या मातीकडं येत होता, लेकीच्या. मला विचार करायला वेळ होता, हे मी लिहून ठेवतो. रस्ता वळणाचा होता, कळप सावकाश चालला होता. मी फाटकापर्यंत चालत जाऊ शकलो असतो. मी पाटी खाली ठेवली आणि सगळ्या मुलींना म्हणालो, चला, आज ओढ्यावर शाळा.

मागच्या दारानं नेलं त्यांना. चिंचेखाली बसवलं आणि एका भोपळ्याची गोष्ट सुरू केली— एवढा मोठा भोपळा, की त्यात नवरदेवाची अख्खी वरात शिरते, वाजंत्र्यासकट, आणि बाहेर यायची वाट सापडत नाही. जन्मात इतकी चांगली गोष्ट मी सांगितलेली नाही. पलीकडून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. एक मुलगी म्हणाली, मास्तर, कोकरं बघून येऊ? मी म्हणालो, बस, नवरी हरवलीय अजून. गंगव्वा माझी बाही धरून हसत होती, हसून तिला ठसका लागला होता, आणि तरी म्हणत होती, “अजून, मास्तरअण्णा, अजून सांगा की.”

घंटांचा आवाज पार थांबेपर्यंत मी तो भोपळा कापू दिला नाही.