मालनचा खोकला

लालबागचा गिरणी कामगार कुशाबा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घसा फोडून ओरडायचा आणि सरकारी कामगार विम्याच्या डॉक्टरपुढे खोटं खोटं खोकायचा. खोकला त्याच्या बायकोचा, मालनचा. विम्याची वर्गणी त्याच्या पगारातून कापत आणि औषध फक्त त्यालाच देत. बायकापोरं आजारी पडतात, हे सरकारच्या गावीही नव्हतं! म्हणून तिचं दुखणं तो आपलं म्हणून सांगे आणि औषधाची बाटली घरी नेई.

तिच्या थुंकीत रक्त दिसलं, तेही त्याने आपलंच म्हणून सांगितलं. डॉक्टरने त्याच्या छातीचा फोटो काढवला. स्वच्छ निघाला. "सोंगाड्या, ठणठणीत आहेस!" म्हणत त्याला हाकललं, औषधही बंद केलं.

"काय म्हणाले डॉक्टर?" मालनने विचारलं.

"ठणठणीत आहे म्हणाले."

पदराने ओठांवरचं रक्त पुसत ती म्हणाली, "मग आता मरायलाही तुम्हीच जा माझ्या जागी."