गुलामाची चिठ्ठी

अमेरिकेतली गुलामगिरी आमच्या पुस्तकात चार ओळींत उरकलीय. मला तेवढ्यावर गप्प बसवतंय कुठं! इंटरनेटवर तिकडच्या कुणा शिक्षिकेनं टाकलेला उपक्रम सापडला आणि माझ्या अंगात आलं. ओळखीच्या शेतातून कापसाची बोंडं आणवली. नववीच्या वर्गात पाच जणांना पुढं बोलावून चिठ्ठ्या उचलायला लावल्या: मालक, मुकादम, व्यापारी, कारकून आणि एक गुलाम. एकट्याच्या जिवावर किती जण बसून खातात, ते पोरांना दिसावं म्हणून गुलाम एकच.

ती चिठ्ठी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीला निघाली. मीच ती मोठ्यानं वाचली. मुकादम झालेला पोरगा तिच्यावर असा काही खेकसला की वर्ग खदखदून हसला. बोंडांतला कापूस वेचताना टोचून टोचून तिची बोटं लाल झाली. मला वाटलं, वा, काय पाठ रंगलाय!

मधल्या सुट्टीत पोरं तिला 'ए गुलाम' म्हणून हाका मारायला लागली. मी रागावले आणि विषय संपला असं समजले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. तिची आई घरीच विड्या वळते. अशा घरातल्या पोरीची चार दिवस शाळा बुडाली, की तिच्याही मांडीवर विड्यांचं सूप येतं आणि मग शाळा कायमची सुटते. माझ्या डोळ्यांदेखत दोघी अशाच शाळेतून गेल्यात.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. दारातूनच दिसलं: दोन सुपं. आईच्या शेजारी बसून ती कात्रीनं पानं कापत होती.

"अहो, चिठ्ठीच होती. कुणालाही निघाली असती," मी आईला म्हणाले. किती लाचार वाटलं ते माझं मलाच!

आईनं मान वर केली नाही. "बोलणी खायाला आमी हाय की, बाई. साळंत तरी तिला मालक करायचं होतं."

मी मुलीसमोर खाली बसले. "चुकलं गं माझं. उद्या येशील ना? परत नाही टाकणार चिठ्ठ्या."

तिनं कात्री सुपात ठेवली.

"टाका की, बाई. येते मी. पण या वेळी एक चिठ्ठी तुमीबी उचलायची."